अ‍ॅपचा धंदा, पण पेढी कोणत्या कागदावर?

गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात आमचा भाचा दुकानावर आला. चहा झाला, घरच्या गोष्टी झाल्या आणि मग त्याने मुद्द्याला हात घातला. "मामू, कंपनी काढायची आहे. पन्नास हजार रुपये लागतील." आम्ही विचारले, "माल कोणता?" तो म्हणाला, "अ‍ॅप."

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. सूत, बीम, ग्रे कापड यांतले आम्हाला कळते. शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि संगणकाशी संबंध आला तो मुनीमजींच्या मागे उभे राहून हिशेब बघण्यापुरता. पण भाच्याने मोबाईल उघडून दाखवला तेव्हा आम्ही चष्मा लावून नीट पाहिले. भिवंडीतल्या लहान यंत्रमाग कारखानदारासाठी त्याने हे अ‍ॅप बनवले आहे. कोणत्या मागावर कोणत्या कारागिराने किती मीटर कापड काढले, मीटरमागे मजुरी काय, कारागिराने उचल किती घेतली, आठवड्याचा पगार किती निघतो, हे सारे त्यात दिसते. जे काम आमच्या वडिलांच्या काळी लाल कापडाच्या वहीत होत असे, ते आता हातातल्या मोबाईलवर होते. महिन्याला दीडशे रुपये देऊन काही कारखानदार ते वापरूही लागले होते.

माल चांगला होता. आम्ही पुढचा प्रश्न विचारला, "पण कंपनीच कशाला?" त्यावर तो म्हणाला, "सगळे काढतात."

या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. पुढचे दोन महिने आम्ही आमचे सी.ए. आणि एक वकीलसाहेब यांच्याकडे खेपा घातल्या. जे समजले ते आज वाचकबंधूंपुढे ठेवत आहोत. कारण आता हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, जिथे जिथे मागाची खडखड ऐकत मुले वाढली, तिथे त्यांतली काही मुले आणि मुली घरी बसून अ‍ॅप बनवत आहेत. बनवण्याची अक्कल त्यांना आहे. पेढी कोणत्या कागदावर उभी करायची, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

बाजारपेठ कशी आहे?

आधी ही बाजारपेठ समजून घेऊ. अ‍ॅपल कंपनीचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने अँड्रॉइड मार्केट उघडले. त्यालाच २०१२ पासून गुगल प्ले म्हणतात. या दोन मंडयांत कोणीही आपला गाळा मांडू शकतो. गुगलकडे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, तर अ‍ॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर.

विक्रीचे पैसे आधी मंडीच्या मालकाकडे जातात. तो आपली दलाली कापून बाकीची रक्कम आपल्या खात्यात पाठवतो. पूर्वी ही दलाली ३० टक्के होती. लहान विक्रेत्यांसाठी अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून आणि गुगलने जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत ती १५ टक्के केली. अ‍ॅपलच्या सवलतीसाठी अर्ज करावा लागतो. हे दर आणि अटी बदलत असतात, म्हणून गाळा घेण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहावा. आपण अडतीवर माल ठेवतो तसाच हा प्रकार होय.

फरक एवढाच की येथे गाळा घेताना पहिला प्रश्न विचारला जातो: तुम्ही व्यक्ती आहात की संस्था? आमच्या भाच्यासारखी मुले तिथेच अडखळतात.

आम्ही या प्रश्नाचे तीन प्रश्न केले. नुकसान झाले तर ते कोणाच्या घरापर्यंत पोहोचेल? माल, म्हणजे अ‍ॅपचा कोड, कोणाच्या मालकीचा? आणि उद्या एक माणूस नसला तर धंद्याचे काय होईल? ज्या कागदावर या तिन्हींची उत्तरे मिळतात तो कागद आपला.

एकट्याची पेढी

सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रोप्रायटरशिप, अर्थात एकल मालकी. आपल्यातली बहुतेक दुकाने अशीच चालतात. यासाठी वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही. मालकाचा पॅन तोच पेढीचा पॅन. चालू खाते उघडताना बँक पेढीच्या नावाचा पुरावा मागते. त्यासाठी दुकाने व आस्थापना कायद्याखालील कागद आणि उद्यम नोंदणी उपयोगी पडते. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधारवर ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध राहावे. जी.एस.टी.ची नोंदणी महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की करावी लागते. परदेशातूनही गिऱ्हाईक येणार असेल तर हा मुद्दा सी.ए.ला आधीच विचारून ठेवावा.

कराच्या बाबतीतही एकट्याची पेढी सुरुवातीला स्वस्त पडते. पेढीचा नफा हे मालकाचेच उत्पन्न. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत सर्वसाधारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलेल्या निवासी व्यक्तीला सूट धरून कर लागत नाही. याउलट भागीदारी संस्थेला आणि एल.एल.पी.ला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्क्यांचा दर आहे. भागीदारांना ठरलेल्या मर्यादेत दिलेला मेहनताना त्यातून वजा होतो, हे खरे. पण तो हिशेब नीट ठेवावा लागतो आणि करारनाम्यात तसे लिहिलेले असावे लागते.

भाच्याचाच हिशेब घ्या. दोनशे गिऱ्हाईक, महिन्याला दीडशे रुपये, म्हणजे कर बाजूला ठेवून वर्षाला ३,६०,००० रुपये. मंडीची १५ टक्के दलाली ५४,००० रुपये. उरले ३,०६,०००. आमच्या सी.ए.नी त्याला कंपनीचा ऑडिट आणि कागद भरण्याचा वर्षाचा अंदाज ३५,००० रुपये सांगितला. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेचा नववा हिस्सा आणि वर थोडे, केवळ 'कंपनी' म्हणवून घेण्यासाठी.

आता दुसरी बाजू. एकल मालकीत पेढी आणि माणूस कायद्याने एकच. पेढीचे देणे झाले तर मालकाच्या घरावर, दागिन्यांवर, बचतीवर बोट ठेवता येते. अ‍ॅपच्या धंद्यात गोदाम जळत नाही, पण जबाबदारी दुसऱ्या वाटेने येते. भाच्याच्या अ‍ॅपमध्ये शेकडो कारागिरांची नावे, मोबाईल क्रमांक आणि उचलीचे आकडे आहेत. लोकांची अशी माहिती सांभाळण्याविषयी २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवला आहे. लहान माणसाला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही, तरी दुसऱ्याची माहिती ही दुसऱ्याची अमानत आहे, हे लक्षात ठेवूनच पेढी उभी करावी.

आणखी दोन गोष्टी मुलांना ठाऊक नसतात. अ‍ॅपलच्या मंडीत व्यक्ती किंवा एकल मालक म्हणून गाळा घेतला तर विक्रेता म्हणून त्या माणसाचे स्वतःचे कायदेशीर नाव दिसते. आपण दुकानाला ठेवलेले नाव तिथे चालत नाही. संस्थेचे नाव हवे असेल तर कायद्याने स्वतंत्र अशी संस्था लागते आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा नऊ आकडी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. गुगलही संस्थेच्या खात्यासाठी हा क्रमांक मागते. दुसरी गोष्ट, गुगलच्या मंडीत वैयक्तिक खात्यावरून पैसे घेऊन अ‍ॅप विकले तर विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता लोकांना दिसतो. घरी बसून हे काम करणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गुगलने एक अट घातली आहे. अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही माणसांकडून सलग १४ दिवस ते वापरून घ्यावे लागते. आधी अशी २० माणसे लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात. भाच्याच्या बाबतीत ही अडचण नव्हती, गल्लीतले कारखानदारच पुरले असते. पण तशी वेळच आली नव्हती, कारण खाते त्याच्या नावावर नव्हतेच. त्याविषयी पुढे सांगतो.

भागीदारी : ओळखीची वाट, पण काटे आहेत

दोघांनी मिळून धंदा करणे आपल्याला नवे नाही. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत, ही तर आपल्या बाजाराची जुनी रीत. तिला मुदारबत म्हणतात. नफा ठरलेल्या हिश्शाने वाटायचा आणि तोटा आला तर तो भांडवलाचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली, असे आपण मनात धरून चालतो.

पण १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा तसे धरत नाही. करारात काही लिहिले नसेल तर नफा भागीदारांत समान वाटला जातो आणि तोटाही समान. बाहेरच्या देणेकऱ्यापुढे तर प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्याला जबाबदार असतो. म्हणजे ज्या मुलाने केवळ अ‍ॅप लिहिले आणि ज्या काकाने केवळ दोन लाख रुपये दिले, ते दोघेही सारख्याच खड्ड्यात. आपल्या मनातली रीत चालवायची असेल तर ती करारनाम्यात शब्दाशब्दाने लिहावी लागते. तिथेही ती आपसात चालते, बाहेरच्या माणसावर ती लादता येत नाही.

दुसरा काटा नोंदणीचा. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून आपण ती करत नाही. याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही आणि आमचे मेहुणे मिळून ग्रे कापडाचा धंदा करत होतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर करार केला होता, नोंदणी केली नव्हती. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडे ३,४०,००० रुपये अडकले. दोन वर्षे 'आज देतो, उद्या देतो' ऐकून आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद बघायच्या आधी विचारले, "फर्म रजिस्टर आहे का?" कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून आलेले येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्या माणसाला मात्र आपल्यावर दावा लावता येतो. आम्ही नोंदणीच्या मागे लागलो. कधी मेहुण्यांची सही राहिली, कधी कागद परत आला. ती होईपर्यंत उधारीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. पैसे गेले. मेहुण्यांशी दोन वर्षे बोलणे बंद होते, त्याचे दुःख पैशांहून अधिक झाले.

तिसरा काटा मृत्यूचा. करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या निधनाने संस्था विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल तर ती संपतेच. मग अ‍ॅप, त्याचे गिऱ्हाईक आणि मंडीतले खाते यांचे काय, हा वाद वारसांपर्यंत जातो.

म्हणून भागीदारी करायची तर लेखी करावी, नोंदवावी आणि त्यात नफा, तोटा, मेहनताना, निधन आणि वेगळे होणे या पाच गोष्टी लिहाव्यात.

एल.एल.पी. : भागीदारी, पण घराला कुंपण

संसदेने २००८ मध्ये मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा केला. हीच एल.एल.पी. होय. किमान दोन भागीदार लागतात आणि दोन नामनिर्देशित भागीदारांपैकी एक तरी भारतात राहणारा असावा लागतो. संस्था कायद्याने स्वतंत्र असते. एक भागीदार गेला तरी ती संपत नाही. एका भागीदाराच्या चुकीचे देणे दुसऱ्याच्या घरापर्यंत जात नाही. फसवणूक केली तर मात्र हे कुंपण उरत नाही, आणि ते योग्यच आहे.

वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत किंवा भागीदारांचे भांडवल २५ लाखांपर्यंत असेल तर कायद्याने ऑडिटची सक्ती नाही. तरी दरवर्षी दोन कागद भरावेच लागतात: ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचे विवरण. धंदा शून्य झाला तरी हे भरायचे. विसरले की दंड चढत जातो. हौसेने एल.एल.पी. काढून मग नोकरीला लागलेल्या मुलांना ही नोटीस आली की घाम फुटतो.

कंपनी : एकट्याची आणि अनेकांची

२०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसाची कंपनी काढण्याची सोय केली. तिला ओ.पी.सी. म्हणतात. एकच भागधारक असतो आणि त्याच्या मागे कोण येईल त्या माणसाचे नाव आधीच द्यावे लागते. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे कागदावरच मिळते. हे नाव घरातल्यांशी बोलून ठरवावे, नाहीतर मागाहून भाऊ-बहिणींत गैरसमज होतात. १ एप्रिल २०२१ पासून परदेशात राहणारे भारतीय नागरिकही अशी कंपनी काढू शकतात. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना हे उपयोगाचे आहे, पण कंपनीचा किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा असावाच लागतो.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एके काळी एक लाखाच्या भांडवलाची अट होती, ती २०१५ मध्ये गेली. त्यामुळे कंपनी काढणे स्वस्त झाले. चालवणे मात्र स्वस्त झाले नाही. एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट सक्तीचे आहे. हिशेबाचे आणि वार्षिक विवरणाचे कागद उशिरा भरले तर प्रत्येक कागदामागे दिवसाला १०० रुपये जादा फी लागते. एक वर्ष विसरलात तर दोन कागदांचे ७३,००० रुपये होतात. कराचा दर सवलतीच्या मार्गाने २२ टक्के, अधिभार आणि उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के. नफा लाभांश म्हणून घरी नेला की त्यावर भागधारकाला पुन्हा कर भरावा लागतो.

मग कंपनी कोणासाठी? ज्याला बाहेरच्या माणसाचे भांडवल हिस्सा देऊन घ्यायचे आहे, त्याच्यासाठी. गुंतवणूकदार शेअर मागतो, आणि तो एकल मालकीत देताच येत नाही. २०१६ पासून सुरू असलेल्या स्टार्टअप इंडियाची मान्यताही कंपनी, एल.एल.पी. किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते, एकल मालकीला नाही. मोठा खरेदीदारही बहुधा कंपनीशीच करार करणे पसंत करतो.

एक गैरसमज दूर करावा. कंपनी काढली की घर सुटले, असे पूर्णपणे होत नाही. कर्ज देताना बँक संचालकाची वैयक्तिक हमी मागते. तिच्यावर सही केली की कुंपणाचे फाटक आपणच उघडले.

कोड कोणाचा?

आता भाच्याची खरी गोष्ट. चौकशी करता करता कळले की अ‍ॅप त्याने एकट्याने बनवलेले नव्हते. अर्धे काम त्याच्या वर्गमित्राचे. गुगलचे खाते मित्राच्या नावावर, मोबाईल क्रमांक मित्राचा आणि पैसेही मित्राच्या बँक खात्यात, त्याच्या पॅनवर येत होते. आणि तो मित्र चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुबईला गेला होता. गिऱ्हाईक भाच्याला फोन करत होते, "पगाराचा आकडा चुकतो, दुरुस्त करा," आणि दुरुस्ती चढवण्यासाठी हा दुबईहून येणाऱ्या ओ.टी.पी.ची वाट बघत बसत होता. दोघांत एका ओळीचाही कागद नव्हता. असे असताना भाचा कंपनी काढायला निघाला होता. ती कंपनी कोणता माल विकणार होती?

वकीलसाहेबांनी येथे १९५७ चा कॉपीराइट कायदा समजावला. संगणकाचा कोड हा कायद्याने लेखनासारखाच धरला जातो. जो लिहितो तो त्याचा पहिला मालक. नोकरीत असताना नोकरीचे काम म्हणून लिहिला असेल तर मालकी बहुधा नोकरी देणाऱ्याची. म्हणून दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःचे अ‍ॅप असे करणाऱ्यांनी आपले नेमणूकपत्र वाचावे आणि कंपनीचा लॅपटॉप वापरू नये. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन काम करून घेतले तरी केवळ पैसे दिल्याने कोड आपला होत नाही. त्याने लेखी, सही करून हक्क दिला पाहिजे. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो, आणि कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारत धरतो. अ‍ॅप तर जगभर विकले जाते. दोन ओळी विसरल्या की पाच वर्षांनी माल दुसऱ्याचा.

नावाचीही तीच गोष्ट. ट्रेडमार्कच्या अर्जाची ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. डाउनलोड करायच्या सॉफ्टवेअरसाठी नववा वर्ग. नाव कोणाच्या नावावर नोंदवायचे, हेही मालकी ठरल्यावरच ठरते.

मित्र भला मुलगा निघाला. बकरी ईदला तो घरी आला, तेव्हा आम्ही दोघांना समोरासमोर बसवले. त्याचे काम किती, आतापर्यंत आलेले पैसे किती, पुढे त्याला रस आहे का, हे मोकळेपणाने बोललो. त्याला पुढे काम करायचे नव्हते. रक्कम ठरली. त्याने आपला हक्क कायमचा आणि जगभरासाठी भाच्याला लिहून दिला. मग गुगलच्या रीतीप्रमाणे अ‍ॅप भाच्याच्या नव्या खात्यात हलवले. अशा बदलीत गिऱ्हाईक आणि त्यांनी दिलेले अभिप्राय अ‍ॅपबरोबर जातात. अ‍ॅपलकडेही अशी बदली करता येते. मित्र भला होता म्हणून हे एका दुपारी झाले. तो रागावलेला असता किंवा, खुदा न करो, त्याचे काही बरेवाईट झाले असते, तर भाच्याच्या हातात काय होते?

मग निवडावे काय?

आमच्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा असावा. एकटाच बनवणारा, एकटाच विकणारा, कर्ज नाही, विक्री लहान, अशा मुलाने एकल मालकीने सुरुवात करावी. उद्यम नोंदणी करावी, चालू खाते वेगळे ठेवावे आणि घरखर्च त्यातून करू नये. दुसरा माणूस कामात किंवा भांडवलात आला की त्याच दिवशी लेखी करार करावा आणि शक्यतो एल.एल.पी. करावी. लोकांची माहिती मोठ्या प्रमाणावर साठू लागली, नोकर ठेवले किंवा मोठे करार येऊ लागले, तर कुंपण असलेली संस्था हवीच. एकटे असाल तर ओ.पी.सी., सोबती असेल तर एल.एल.पी. आणि शेअर देऊन भांडवल घ्यायचे असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. अ‍ॅप पुढे नव्या संस्थेत हलवता येते, म्हणून पहिल्याच दिवशी मोठा अंगरखा शिवण्याची गरज नाही. फक्त हलवताना कोड, नाव आणि गिऱ्हाईक यांची लेखी विक्री किंवा बदली करावी आणि कराचा मुद्दा सी.ए.ला विचारावा.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलाला पैसे देताना ते उसने आहेत, बक्षीस आहे की भागीदारी, हे त्याच दिवशी लिहावे. तोंडी दिलेले पैसे धंदा चालला की भागीदारी होतात आणि बुडाला की कर्ज. वीस हजार किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेता येत नाही, म्हणून बँकेतूनच द्यावे.

भाच्याला आम्ही पन्नास हजार दिले, पण कंपनीसाठी नव्हे. त्यातून मित्राची रक्कम भागली, ट्रेडमार्कचा अर्ज झाला आणि उरलेले चालू खात्यात राहिले. बिनव्याजी उसने आहेत, चेकने दिले आणि परतफेडीची तारीख लिहून दोघांनी सही केली. सही करताना तो हसला, "मामू, घरातल्या घरात कागद?" आम्ही त्याला मेहुण्यांच्या ३,४०,००० रुपयांची गोष्ट सांगितली. मग त्याने दुसऱ्या प्रतीवरही सही केली आणि एक प्रत आपल्या पिशवीत घातली.